पत्रिकेवरून घटनेचा काळ कसा काढावा

पत्रिका पाहून स्वभाव सांगणारे पुष्कळ भेटतात. 'लग्न कधी?' असं विचारलं की मात्र बरेच जण अडखळतात, कारण 'कधी'चं उत्तर दशेत, म्हणजे आयुष्याचा जो काळ एकेका ग्रहाच्या वाट्याला येतो त्यात, शोधावं लागतं. सर्वात जास्त वापरात आहे ती विंशोत्तरी महादशा. ती एकदा तरी हाताने काढावीच. मग सॉफ्टवेअरचा तक्ता समजून वाचता येतो.

सुरुवात जन्मचंद्रापासून करा. चंद्र ज्या नक्षत्रात असतो, त्याच्या स्वामीची दशा जन्मवेळी चालू असते. अश्विनीपासून स्वामी आणि त्यांची वर्षे अशी: केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७. एकूण १२०. मघा आणि मूळ नक्षत्रापासून हाच क्रम पुन्हा लागतो.

समजा, चंद्र वृषभेत १५ अंश २० कलांवर आहे (६० कलांचा एक अंश). रोहिणी वृषभेच्या १० अंशांवर सुरू होते, म्हणजे तिच्या ३२० कला भुक्त झाल्या, चंद्राने ओलांडल्या. नक्षत्र ८०० कलांचं, तेव्हा ४८० भोग्य, म्हणजे ओलांडायच्या बाकी. रोहिणीचा स्वामी चंद्र. त्याच्या १० वर्षांतला तेवढाच हिस्सा, म्हणजे ६ वर्षे, जन्मवेळी शिल्लक. पुढे मंगळ वयाच्या १३ व्या वर्षापर्यंत, राहू ३१ पर्यंत, गुरू ४७ पर्यंत.

जन्मवेळेची खात्री इथेच करून घ्या. चंद्र तासाभरात साधारण अर्धा अंश सरकतो, आणि तेवढ्याने या पत्रिकेतली दशा चार-पाच महिने हलते. अयनांश, म्हणजे राशिचक्राचा आरंभ ठरवणारा फरक, तोही एकच धरा. लाहिरी आणि रामन या दोन अयनांशांत जवळजवळ दीड अंशाचा फरक आहे. त्यांची सरमिसळ केली तर वर्षभराची चूक होते.

अंतर्दशेसाठी, म्हणजे महादशेतल्या एकेका ग्रहाच्या उपकाळासाठी, दोन्ही ग्रहांच्या वर्षांचा गुणाकार करा. गुरूत शनी: १६ गुणिले १९ म्हणजे ३०४. शेवटचा अंक सोडून राहतात ते महिने, आणि त्या अंकाची तिप्पट म्हणजे दिवस. ३० महिने १२ दिवस. त्याआधी गुरूची स्वतःची अंतर्दशा २५ महिने १८ दिवसांची. म्हणून गुरू-शनीचा काळ वयाच्या ३३ वर्षे दीड महिन्यापासून ३५ वर्षे ८ महिन्यांपर्यंत येतो.

आता फलाकडे. दशास्वामी कोणत्या स्थानांचा (पत्रिकेतल्या घरांचा) मालक आहे, कुठे बसलाय, कुणाला पाहतोय, हे टिपा. वरच्या पत्रिकेत कर्क लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) असेल तर शनी सप्तमेश आणि अष्टमेश, म्हणजे सातव्या (विवाहाच्या) आणि आठव्या स्थानाचा स्वामी, होतो. गुरू कन्येत असला तर पाचव्या दृष्टीने सप्तमाला पाहतो. तेव्हा या काळात विवाहाचा विषय पुढे येईल, पण अष्टमेशामुळे विलंबासह, असं शास्त्र सांगतं. नोकरीसाठी २, ६, १० ही स्थानं याच पद्धतीने तपासतात.

गोचर, म्हणजे ग्रहांचं त्या त्या वेळचं भ्रमण, शेवटी. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो, गुरू साधारण एक वर्ष. दोघांचाही विचारलेल्या विषयाच्या स्थानाशी किंवा त्याच्या स्वामीशी दृष्टीने वा युतीने संबंध येतो तो काळ निवडा. महिना रवीवरून ठरवतात. दशेत जे नाही ते गोचर देत नाही, ही जुनी शिस्त मला पूर्ण पटते. निव्वळ साडेसाती दाखवून घाबरवणं त्यामुळेच चूक.

आणि भविष्य सांगण्याआधी मागचं तपासा. जातकाच्या (ज्याची पत्रिका आहे त्याच्या) तीन-चार ठळक घटना, तारखांसह, दशेत बसतात का ते पाहा. बसल्या नाहीत तर जन्मवेळ पुन्हा तपासा आणि तोवर पुढचं बोलू नका. जयंत नारळीकरांनी २००८ साली घेतलेल्या चाचणीत ज्योतिषांची निम्म्याहून कमी उत्तरं बरोबर आली होती, हे प्रत्येक अभ्यासकाने ठाऊक असू द्यावं. म्हणून प्रत्येक भाकीत तारीख घालून वहीत लिहा आणि चुकलेली पानं फाडू नका. आजार, मृत्यू यांच्या तारखा मात्र कुणालाही सांगू नका; तिथे डॉक्टरांकडेच पाठवा.