जास्वंदीचे पिवळे परागकोश आणि मास्किंग फ्लुइडचे त्रास

लाल जास्वंद जलरंगात रंगवताना खरी कसोटी लागते ती मधल्या दांडीपाशी. पाकळ्यांचा ओला लाल वॉश, म्हणजे पाणी घालून पसरलेला पातळ रंगाचा थर, छान उतरतो, पण दांडीभोवतीचे पिवळे परागकोश त्यावर नंतर काढता येत नाहीत. जलरंगातला पिवळा बहुतेक पारदर्शक असतो, लालवर दिला की नारिंगी डाग तेवढा दिसतो. रंग उचलून पांढरं काढावं, तर क्विनाक्रिडोन रोझ किंवा पायरोल रेडसारखे लाल कागदाला पक्के धरतात, कितीही पुसा, गुलाबी छटा राहतेच. म्हणून मास्किंग फ्लुइड लागतं, म्हणजे रंगवण्याआधी कागदाचा तेवढा भाग झाकून ठेवणारा आणि नंतर सोलून काढता येणारा द्रव. मग तक्रारी सुरू होतात: ब्रश गेला, कागद सोलला, फ्लुइड काढल्यावर परागकोश पंचिंग मशिनने पाडलेल्या भोकांसारखे दिसतात.

मास्किंग फ्लुइड म्हणजे मुळात रबराचा चीक. तो बाटलीत गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घातलेला असतो. हवा लागली की अमोनिया उडतो आणि चीक रबर होऊन बसतो. जवळपास सगळे त्रास यातूनच निघतात. ज्यांना लॅटेक्सची ॲलर्जी आहे त्यांनी यापासून लांबच राहावं, आणि बाकीच्यांनीही खिडकी उघडी ठेवून काम करावं.

आधी कागद तपासा

कागद सोलला की दोष फ्लुइडला दिला जातो, पण बहुतेक वेळा कागदाचं साइझिंग कमी पडलेलं असतं. साइझिंग म्हणजे कागदाने पाणी एकदम पिऊ नये म्हणून दिलेला जिलेटीन किंवा तत्सम पदार्थाचा थर. आर्श किंवा सॉन्डर्स वॉटरफोर्ड या कंपन्यांच्या ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जाड सुती कागदावर तो चांगला असतो. मऊ हातकागदावर मात्र तो अनेकदा जेमतेम असतो. असा कागद पानांच्या सैल वॉशला सुंदर, मास्किंगला नाही.

मुंबईत आणि कोकणात यात पावसाची भर पडते. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या महागड्या कागदाचंही साइझिंग दमट हवेने जागोजागी मरतं. वरून काही कळत नाही. त्यामुळे कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवा. तो फुगीर राहून सावकाश पसरला तर कागद ठीक. लगेच आत शिरला आणि मागून ओला डाग दिसला, तर त्या कागदावर मास्किंग करू नका. शंका असेल तर कोपऱ्यावर फ्लुइडचा ठिपका द्या, वाळवा, काढून बघा.

लावताना

कागद पूर्ण कोरडा हवा. हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करा. गार लागला तर आत ओल आहे, आणि ओल्या कागदात चीक तंतूंमध्ये शिरून बसतो. बाटली हलवू नका. हलवल्यावर येणारे बुडबुडे कागदावर फुटतात आणि तिथून नेमका लाल रंग आत जातो. हलकेच ढवळा आणि लागेल तेवढंच झाकणात किंवा वाटीत काढून बाटली लगेच बंद करा. फ्लुइड घट्ट, तार सुटणारं झालं असेल तर पाणी घालत बसू नका, नवीन घ्या.

परागकोशांसाठी ब्रशपेक्षा टाक बरा. निबवर रबर वाळलं तरी चिमटीत धरून सोलता येतं. ब्रशच वापरायचा असेल तर स्वस्तातला सिंथेटिक घ्या, ओला करून अंगाच्या साबणावर फिरवा आणि केसांना साबणाचा लेप असतानाच फ्लुइडमध्ये बुडवा. मधूनमधून धुऊन पुन्हा साबण लावा.

आता फुलाकडे नीट बघा, कारण चित्र इथेच सुधारतं किंवा बिघडतं. जास्वंदीचे पुंकेसर दांडीच्या वरच्या भागातून चहूबाजूंनी फुटतात. समोरचे परागकोश गोलसर, कडेचे चपटे, मागचे अर्धे झाकलेले. काही एकमेकांना चिकटलेले, मध्येच एक जागा रिकामी. सारख्या आकाराचे, सारख्या अंतरावरचे ठिपके दिले की नंतर कितीही रंगवलं तरी फूल खोटं दिसतं. टोकाच्या पाच लाल गाद्या म्हणजे स्त्रीकेसराची टोकं. त्यांना मास्किंगची गरज नाही. अख्खी पाकळी झाकायच्या फंदातही पडू नका. पाकळीची कड ब्रशने सांभाळता येते आणि तीच जिवंत दिसते.

माझी एक आवडती पद्धत: फ्लुइड लावण्याआधी त्या भागावर फिकट पिवळ्याचा हात द्या आणि नीट वाळू द्या. फ्लुइड काढताना थोडा रंग निघून येतो, पण पांढऱ्याफटक भोकांऐवजी उबदार पिवळं मिळतं. पेन्सिलही अशीच निघून येते, म्हणून महत्त्वाची रेघ फ्लुइडखाली जाऊ देऊ नका.

वाळवणं आणि काढणं

हेअर ड्रायर नको, कडक ऊनही नको. उष्णतेने रबर कागदाला घट्ट धरतं. पंख्याखाली राहू द्या. भाद्रपदाच्या दमट हवेत जास्त वेळ लागतो, तेवढा द्या. मग पाकळ्या रंगवा आणि फ्लुइड शक्यतो त्याच दिवशी, फार तर २४ तासांत काढा.

काढण्याआधी एक छोटं काम बरेच जण विसरतात. रबरावर लाल रंगाचे बारीक थेंब वाळून बसलेले असतात. तसंच चोळलं तर तो रंग खालच्या पांढऱ्यावर फासला जातो. किंचित ओल्या टिश्यूने रबराचा माथा टिपून घ्या आणि पुन्हा वाळू द्या. कागद पूर्ण कोरडा झाल्यावर स्वच्छ बोटाने एका कडेने सुरुवात करा. थोडं रबर सुटलं की त्याचीच गोळी करून बाकीचं उचला. सरळ वर ओढू नका, कागदाला समांतर ओढा. कुठे तंतू उठताना दिसले तर थांबा आणि उलट बाजूने या.

कडा मऊ करणं

उघड्या झालेल्या परागकोशांच्या कडा कापल्यासारख्या असतात. लहान, ताठ, जेमतेम ओल्या ब्रशने प्रत्येकाची सावलीकडची कड हळूच घासून टिपा. उजेडाकडची कड तशीच ठेवा. मग गडद पिवळा द्या, खालच्या बाजूला थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), आणि पाकळीवर त्यांची बारीक सावली.

कागद थोडा सोललाच असेल, तर पूर्ण वाळल्यावर त्यावर गुळगुळीत कागद ठेवून चमच्याच्या पाठीने दाबून घासा. तंतू बसतात, पण तिथे रंग जास्त शोषला जातो, म्हणून पुढचा हात कोरड्या ब्रशने द्या. एखादा परागकोश पार लाल झाला असेल तर त्या एका जागी पांढरं गॉश (अपारदर्शक जलरंग), आणि ते वाळल्यावर वरून पिवळा. काही जलरंगकारांना गॉश चालत नाही. मला त्यात काही गैर वाटत नाही, फक्त सगळे परागकोश गॉशने काढले तर ते खडूसारखे दिसतात.