धीर द्यायला गेलो आणि ओझं वाढवून आलो: मंडळीच्या पुढाऱ्यांनो, या चुका टाळा

उपासना संपून लोक पांगत होते. संडे स्कूलला शिकवणाऱ्या एक बाई माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हल्ली प्रार्थनेत मनच लागत नाही. आतून अगदी रितं रितं वाटतं." मी घाईत होतो. रोमकरांस ८:२८ (देवावर प्रीती करणाऱ्यांच्या कल्याणासाठी सगळ्या गोष्टी मिळून काम करतात, हे वचन) म्हणून दाखवलं, "प्रार्थना करतो हं" म्हणालो आणि पुढच्या माणसाकडे वळलो. म्हणजे मी त्यांना दोन्ही अर्थांनी वचन दिलं, आणि दोन्ही वाया गेली, कारण प्रार्थना करायची मी विसरलो. काही महिन्यांनी त्या शिकवायला येईनाशा झाल्या. कारण कळायला आणखी वर्ष गेलं. घरात मोठं आजारपण होतं, रात्रीची झोप नव्हती, आणि त्यांना शिकवण्यातून दोन महिने सुट्टी हवी होती. तेवढंच मागायला त्या आल्या होत्या.

पाळक असो, वडील (म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) असो, सेवक असो की तरुणांचा पुढारी, धीर देण्याच्या कामात आपण घसरतो त्या जागा बहुधा ठरलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मी स्वतः घसरलो आहे.

निदान न करताच औषध देणं

१ थेस्सलनीकाकरांस ५:१४ हे वचन प्रत्येक पुढाऱ्याने टेबलावर लिहून ठेवावं असं आहे. प्रेषित पौल तिथे माणसांचे प्रकार पाडतो. बेशिस्त वागणाऱ्यांना समज द्या, खचलेल्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, आणि सहनशीलता मात्र सगळ्यांशीच ठेवा. तीन तऱ्हेची माणसं, तीन वेगळे उपाय. आपण करतो ते उलटं. खचलेल्याला समज देतो, बेशिस्त माणसाला गोंजारतो, कारण तो देणगी देणारा असतो किंवा त्याचा आवाज मोठा असतो. आणि अशक्ताला, म्हणजे ज्याला प्रत्यक्ष कुणीतरी हात धरून चालवायला हवं त्याला, "देव सामर्थ्य देईल" असं सांगून घरी पाठवतो.

समोरचा कोणत्या प्रकारातला आहे हे कसं ओळखायचं? विचारून. दुसरी युक्ती मला सापडलेली नाही. "हे कधीपासून वाटतंय?", "झोप लागते का?", "घरी कोणाला माहीत आहे?", "माझ्याकडून नेमकं काय हवंय?" हे चार प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात. मी त्या बाईंना शेवटचा एकच विचारला असता तरी पुरलं असतं.

जाता जाता एक गोष्ट. पौलाचा सोबती बर्णबा, त्याचं हे खरं तर टोपणनाव. माणसाचं नाव योसेफ, कुप्र बेटावरचा लेवी. आपल्या जुन्या मराठी भाषांतरात त्या टोपणनावाचा अर्थ 'बोधपुत्र' असा दिला आहे. मूळ ग्रीक शब्दात बोध आहेच, पण सांत्वन, आर्जव, पाठीशी उभं राहणं हेही त्यात येतं. मला कधी कधी वाटतं की आम्ही पुढाऱ्यांनी त्यातला बोध तेवढा उचलला आणि बाकीचं पुत्राकडे सोडून दिलं.

थकव्याला अविश्वास समजणं

ही सगळ्यांत महाग पडणारी चूक, म्हणून इथे जरा थांबतो.

१ राजे १८ मध्ये देवाचा संदेष्टा एलीया कर्मेल डोंगरावर बआल या परक्या दैवताच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकटा उभा आहे, आणि त्याच्या प्रार्थनेवर आकाशातून अग्नी पडतो. पुढच्याच अध्यायात ईजबेल राणीच्या जिवे मारण्याच्या एका निरोपाने तो पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. असा माणूस आपल्या मंडळीत असता तर आपण काय म्हटलं असतं? "अहो, कालच तर एवढा चमत्कार पाहिलात! विश्वास कुठे गेला?"

देवाने काय केलं ते क्रमाने वाचा. आधी त्याला झोपू दिलं. मग देवदूताने हात लावून उठवलं आणि म्हटलं, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी होती. तो जेवला आणि पुन्हा झोपला, तरी त्याला कुणी रागावलं नाही. दुसऱ्यांदा उठवलं, पुन्हा खायला दिलं, वर सांगितलं की वाट तुला झेपण्यापलीकडची आहे. मग ४० दिवसांचा प्रवास, होरेब डोंगर, आणि तिथे प्रश्न: "एलीया, तू येथे काय करतोस?" हा प्रश्न दोनदा येतो. एलीया दोन्ही वेळा तीच तक्रार तशीच्या तशी सांगतो, आणि देव ती दोन्ही वेळा पूर्ण ऐकून घेतो. त्यानंतर पुढचं काम, त्याच्या जागी येणाऱ्या अलीशाचं नाव, आणि सगळ्यांत शेवटी ही माहिती की बआलापुढे गुडघे न टेकलेले ७००० लोक इस्राएलात आहेत.

आपण सुरुवातच त्या ७००० पासून करतो. "तुम्ही एकटेच नाही आहात, बाकीच्यांकडे बघा." माहिती खरी असते, पण उपाशी आणि जागरणाने मोडलेल्या माणसाला ती टोमण्यासारखी लागते.

म्हणून कोणी खचून आलं तर आधी शरीराकडे बघा. जेवण, झोप, कामाचे तास, आजार, घरातली शुश्रूषा. मंडळीतलं एखादं काम त्याच्या अंगावरून उतरवता येत असेल तर त्याच आठवड्यात उतरवा, आणि उतरवताना त्याला अपराधी वाटेल असं काही बोलू नका. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर डॉक्टरकडे जायला सांगा. शक्य असेल तर सोबत जा. डॉक्टरकडे जाण्याने विश्वास कमी होत नाही. आणि कोणी मरणाची भाषा बोललं तर ती एलीयाची गोष्ट सांगायची वेळ नव्हे. त्या माणसाला एकटं सोडू नका, घरच्या भरवशाच्या माणसाला बोलवा, लगेच वैद्यकीय मदत मिळवा.

हे दुखणं दुबळ्या विश्वासाच्या माणसांनाच होतं असं अजूनही वाटत असेल तर इंग्लंडचे प्रसिद्ध उपदेशक चार्ल्स स्पर्जन आठवा. ऑक्टोबर १८५६ मध्ये लंडनच्या सरे गार्डन्स म्युझिक हॉलमध्ये त्यांची उपासना चालू असताना कोणीतरी आग लागल्याची आरोळी ठोकली, चेंगराचेंगरी झाली आणि ७ जण गेले. स्पर्जन तेव्हा २२ वर्षांचे होते. पुढे आयुष्यभर ते उदासीशी झगडले, आणि ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. पुढच्या काळात प्रकृतीसाठी हिवाळ्यात दक्षिण फ्रान्समधल्या माँतोंला जाऊन राहायचे. हजारोंना उपदेश करणारा माणूस काम थांबवून उन्हात जाऊन बसत होता. आपल्यातल्या कितीजणांना हे जमेल?

वचनाचं झाकण लावणं

कुणी रडायला लागलं की आपल्याला अवघडतं, आणि मग आपण वचन काढतो. वचन चांगलंच असतं, पण ते आपण स्वतःच्या अवघडलेपणासाठी वापरलेलं असतं. उकळत्या भांड्यावर झाकण ठेवावं तसं.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांना आपण उगाच सरसकट नावं ठेवतो. सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तिथवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. बोलायला लागल्यावर बिघडलं.

मृत्यू झालेल्या घरी "देवाची योजना होती" हे वाक्य पहिल्या दिवशी बोलू नका. खरं तर पहिल्या महिन्यातही नको. वाचायचंच असेल तर स्तोत्र १३ वाचा, "किती वेळ?" असं विचारणारं. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी उजेड येत नाही, आणि तरीही ते शास्त्रात आहे. दुःखी माणसाला ते ऐकून जो दिलासा मिळतो तो मी अनेकदा पाहिला आहे: असंही देवाशी बोलता येतं तर!

रोज सकाळी सगळ्या गटाला एकच वचनाचं चित्र पाठवणं हाही याच चुकीचा भाऊ. पाठवू नका असं नाही. पण त्यालाच धीर देणं समजू नका.

सगळ्यांचे एकदम आभार मानणं

"ज्यांनी ज्यांनी हातभार लावला त्या सर्वांचे आभार." हे ऐकून आजवर कोणाला धीर आला आहे? रोमकरांस १६ बघा. नुसती नावांची यादी म्हणून आपण तो अध्याय ओलांडून जातो. पण पौल तिथे दोन डझनांहून जास्त लोकांना आठवतो आणि कित्येकांविषयी नेमकं काहीतरी सांगतो. फिबीने पुष्कळांना साहाय्य केलं. प्रिस्का आणि अक्विला यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला. मरियेने फार श्रम केले. रूफाची आई, "जी माझीही आई". एवढ्या एका शब्दात त्या बाईने पौलासाठी काय काय केलं असेल ते कळतं.

तेव्हा दिवसाला एक माणूस घ्या. "तुम्ही छान सेवा करता" असं मोघम नको. "परवा त्या नवीन कुटुंबाशेजारी तुम्ही मुद्दाम जाऊन बसलात, मी पाहिलं" असं बोला. त्यासाठी आधी पाहावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. उपासनेनंतर आपण कामाच्या चार माणसांशी बोलण्यात इतके गुंतलेले असतो की खुर्च्या कोण उचलतं हे आपल्याला वर्षानुवर्षं माहीत नसतं.

काम वाटणं, पण निर्णय मुठीत ठेवणं

निर्गम १८ मधला इथ्रो आपल्या सगळ्यांच्या पाठ आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला सासऱ्याने सांगितलं, हे बरं नाही, तू झिजून जाशील आणि लोकही. उपाय म्हणून हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमले. एवढं आपण सांगतो. पुढचं सांगत नाही: लहान प्रकरणांचा निकाल त्या नायकांनीच द्यायचा होता. मोशेकडे फक्त अवघड प्रकरणं.

आपल्याकडे जबाबदारी दिली जाते आणि पडद्याच्या रंगापासून गाण्याच्या क्रमापर्यंत सगळं पुन्हा पाळकाकडे परवानगीला येतं. मग "लोक पुढे येत नाहीत" ही तक्रार. पुढे येऊन करायचं काय?

मेथडिस्ट पंथाचे वर्ग, म्हणजे सभासदांचे छोटे गट, कसे सुरू झाले ते मजेशीर आहे. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहावरचं कर्ज फेडायचं होतं. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि एकेकाने अकरा जणांकडून ती गोळा करावी. वसुलीसाठी घरोघरी जाणाऱ्यांना लोकांची खरी अवस्था दिसू लागली. पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी ते हेरलं आणि वसुलीची ती व्यवस्था आत्मिक काळजीची व्यवस्था झाली. बारा माणसांमागे एक. यापेक्षा जास्त माणसांची विचारपूस एकट्याने दर आठवड्याला करता येते असं म्हणणारा पुढारी माझ्या मते स्वतःला फसवतो.

प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली बोभाटा

"अमक्याच्या संसारासाठी प्रार्थना करा, फार अडचणीत आहेत." झालं, रविवारपर्यंत सगळ्या मंडळीला खबर. ज्याची गोष्ट त्याची परवानगी, हा नियम कटाक्षाने पाळा. फक्त कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा मुलांवर अत्याचाराचा संशय असेल, तर "गुप्त ठेवीन" असा शब्द द्यायचाच नाही. तिथे कायद्याच्या यंत्रणेला कळवावं लागतं, आणि मंडळीचं नाव खराब होईल ही सबब चालत नाही.

उपदेशाच्या तयारीलाच स्वतःचं मनन समजणं

दुसऱ्यांना वाढायला स्वयंपाक करताना आपलं पोट भरत नाही. शास्त्र उघडलं की लगेच तीन मुद्दे दिसू लागले, तर समजा आपण वाचत नाही, माल शोधतो आहोत. दिवसातला थोडा वेळ असा ठेवा की जे वाचलं ते कुणालाच सांगायचं नाही.

विसाव्याबद्दल मार्कच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय प्रामाणिक आहे. येशू शिष्यांना म्हणतो, एकांती चला, थोडा विसावा घ्या. ते तारवातून निघतात, आणि लोक पायी धावत त्यांच्या आधीच तिथे पोहोचतात. सुट्टी बुडाली! पण त्याच संध्याकाळी येशू शिष्यांना तारवात बसवून पुढे पाठवतो, लोकांना निरोप देतो आणि प्रार्थनेसाठी एकटा डोंगरावर जातो. हुकलेला एकांत त्याच दिवशी भरून काढला, पुढच्या वर्षीच्या शिबिरापर्यंत ढकलला नाही.

"माझं सगळं ठीक आहे"

पुढाऱ्याने स्वतः काही मागायचं नसतं, हे आपल्याला कोणी शिकवलं कोण जाणे. पौलाने तर शिकवलेलं नाही. २ तीमथ्य ४ मध्ये तो कैदेत आहे, शेवट जवळ आल्याचं त्याला कळलेलं आहे. "मी सुयुद्ध केले" हे आपण त्यातून घेतो आणि प्रेतयात्रेला वाचतो. त्याच्याच खाली काय आहे? तो आपला शिष्य तीमथ्य याला लिहितो: सोबती देमास सोडून गेला, फक्त लूक जवळ आहे. मार्कला घेऊन ये. हा तोच मार्क, ज्याने पंफुल्यात साथ सोडली म्हणून पौलाने बर्णबाशी कडाक्याचं भांडण केलं होतं. त्याला बर्णबाने तेव्हा सोबत घेऊन कुप्र गाठलं नसतं, तर आता बोलवायला तो उरला असता का कोण जाणे. पुढे लिहितो, त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण. पुस्तकंही, विशेषतः चर्मपत्रं. आणि हिवाळ्याच्या आधी ये.

मागच्या वर्षी मी असा निरोप पहिल्यांदाच पाठवला. आमच्या मंडळीतल्या दोन वडिलांना लिहिलं, "झोप लागत नाही. मंगळवारी संध्याकाळी येऊन बसाल का? बोलायचं काही नाही." दोघेही आले. एकाने येताना जेवण आणलं होतं.