माळ्यावरच्या कॅसेटी परत ऐकायच्या असतील तर

मागच्या मे महिन्यात चिपळूणला आईकडे गेले होते तेव्हा माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला आणि त्यात माझ्या शाळा-कॉलेजच्या सगळ्या कॅसेटी निघाल्या, मोजून एकतीस. २०२१ च्या पुरात खालचं सगळं गेलं, माळ्यापर्यंत पाणी पोचलं नाही म्हणून ह्या वाचल्या. लकी अलीची 'सुनो', अलिशाची 'मेड इन इंडिया', मिलिंद इंगळे आणि सौमित्रची 'गारवा', आणि बाकी बऱ्याचशा कोऱ्या कॅसेटवर दुकानातून गाणी भरून घेतलेल्या, कव्हरवर निळ्या शाईत माझं तेव्हाचं गोल गोल अक्षर.

भाऊ म्हणाला, अगं फेकून दे, सगळं फोनवर आहे आता. आहे ना, गाणी आहेत. पण ती कॅसेट शंभरदा ऐकलेली असली की एक गाणं संपताना पुढचं कुठलं येणार हे कानाला आधीच माहीत असतं, दोन गाण्यांमध्ये किती श्वास जातो तेही माहीत असतं, आणि फोनवर तेच गाणं संपून भलतंच काहीतरी लागलं की जिना उतरताना शेवटची पायरीच नाही असं होतं मला. म्हणून मी ठरवलं की ह्या जशा आहेत तशाच परत ऐकायच्या आणि मग कॉम्प्युटरवर घ्यायच्या. चार महिने लागले, दोन कॅसेटी माझ्या हातून वाया गेल्या, तुमच्या जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी, टेपरेकॉर्डरला हात लावायच्या आधी, प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या खिट्ट्या असतात त्या मोडून टाका. विकतच्या अल्बमना त्या आधीच नसतात, पण भरून घेतलेल्यांना असतात, आणि त्या असल्या तर चुकून लाल बटण दाबलं गेलं की सत्ताण्णव सालचं गाणं पुसून त्यावर तुमच्या पंख्याचा आवाज रेकॉर्ड होतो. मला कसं माहीत ते विचारू नका.

मग उजेडात धरून काचेतून रीळ बघा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरात राहिलेल्या कॅसेटी असतील तर रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा डाग दिसतील, ती बुरशी. अशी कॅसेट लगेच लावायची नाही, कारण ती बुरशी हेडला, म्हणजे यंत्रात रिळावरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. ती वेगळी काढून ठेवा, शेवटी बघू. वास पण घ्या, कुबट येत असेल तर चार दिवस कोरड्या जागी उघडी ठेवा, उन्हात अजिबात नको, प्लास्टिक वाकतं आणि मग रीळ आत घासत राहतं.

आता यंत्र. हल्ली ऑनलाइन कॅसेट थेट पेन ड्राइव्हवर घेणारे छोटे नवे प्लेअर मिळतात, माझं मत विचाराल तर नका घेऊ, मी घेतला होता, त्यात लकी अली पाण्याखाली बसून गातोय असं वाटत होतं. स्पीडच स्थिर नसतो त्यांचा. त्यापेक्षा आधी नातेवाइकांना विचारा, कुणा ना कुणा मामाच्या शोकेसमध्ये जुना डेक क्रोशाच्या रुमालाखाली बसलेला असतोच. नाहीच मिळाला तर पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार. जाताना बरोबर दोन गोष्टी न्यायच्या, सेल आणि एक अशी कॅसेट जी गेली तरी चालेल. पण त्या कॅसेटमध्ये लांब सूर हवेत, बासरी, आलाप, पेटी असलं काहीतरी. ढोलकी-ताशात स्पीडची गडबड कळत नाही, लांब धरलेला सूर मात्र जरा जरी डुगडुगला तरी लगेच कळतं. मी भजनाची कॅसेट घेऊन फिरत होते आणि दुकानदार माझ्याकडे बघत होते.

जुन्या डेकचं नव्वद टक्के दुखणं म्हणजे बेल्ट. रबर असतं ते, वीस-पंचवीस वर्षांत एकतर सैल पडतं नाहीतर चक्क डांबरासारखं वितळतं. मोटर फिरतेय पण चाक फिरत नाही, किंवा गाणं हळू चालतंय, म्हणजे बेल्ट बदला. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारत गेलात तर बेल्ट आणि तो बसवणारा माणूस अजून मिळतो. बेल्ट बदलूनही स्पीड मागे-पुढे वाटला तर त्यालाच सांगा, बऱ्याच मोटरींच्या मागे एका भोकात स्पीड जुळवायचा बारीक स्क्रू असतो. विकतच्या अल्बमचं एखादं गाणं फोनवर लावून बाजूला कॅसेट लावा, पट्टी जुळली की झालं.

हेड साफ करणं तुमचं तुम्हाला जमेल. औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कानात घालायच्या कापसाच्या काड्या घ्या, आणि हेड, त्याच्या शेजारची लोखंडी दांडी, आणि तो रबरी रोलर पुसा. काडी तपकिरी होऊन येईल, ते कुणाच्या तरी घरातल्या सगळ्या गाण्यांचं किटण आहे. पांढरी येईपर्यंत पुसत राहा. दर पाच-सहा कॅसेटींनी परत.

लावायच्या आधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या. इतकी वर्षं एकाच जागी घट्ट बसलेलं रीळ मोकळं होतं. दुसरं म्हणजे, गाणं सुरू व्हायच्या क्षणभर आधी तेच गाणं अगदी बारीक आवाजात ऐकू येतं, आठवतंय का? लहानपणी मला वाटायचं हे फक्त मलाच ऐकू येतं. रिळाचे थर एकमेकांवर गुंडाळलेले असतात त्यामुळे एका थराचा आवाज शेजारच्या थरावर थोडासा उमटतो, तो तो. फिरवून घेतलं की कमी होतो, पूर्ण जात नाही. मला तर तो थोडा राहिलेलाच आवडतो. फिरवायला पेन्सिल वापरत असाल तर षटकोनी घ्या, गोल घसरते. आणि सी-९०, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट असेल तर जरा दमाने, साठ मिनिटांच्या कॅसेटपेक्षा तिचं रीळ पातळ असतं, दीड पट लांबी तेवढ्याच डबीत कोंबलेली असते ना.

रीळ बाहेर आलं, चुरगळलं तर ओढायचं नाही. डेकचं झाकण उघडून बोटांनी हळूहळू सोडवा, वेळ लागतो, लागू द्या. तुटलंच तर साधा सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक पसरतो आणि सगळं चिकट होतं, कॅसेट जोडायची वेगळी बारीक पट्टी मिळते ती मागच्या बाजूने, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूने लावायची. कॅसेटच्या मधोमध स्पंजाचा एक छोटा तुकडा असतो जो रीळ हेडवर दाबून धरतो, तो गळून पडला असेल तर आवाज येतो पण खोल विहिरीतून. दुसऱ्या कुठल्यातरी नको असलेल्या कॅसेटमधून तो काढून घ्या. ज्या कॅसेटना पाच स्क्रू असतात त्या उघडता येतात, ज्या चिकटवलेल्या असतात त्यांची कड सुरीने फोडावी लागते आणि आतली दोन्ही चाकं रिळासकट स्क्रूवाल्या डबीत बसवायची. बुरशीवाल्यांचं पण असंच, उघडून, तोंडाला मास्क लावून, गॅलरीत बसून, मऊ कोरड्या कापडाने रीळ पुसत पुसत एका चाकावरून दुसऱ्यावर घ्यायचं. माझ्या दोन गेल्या त्या इथेच, घाई केली म्हणून.

आता सगळ्यात महत्त्वाची युक्ती, जी मला कुणीच सांगितली नव्हती. दुकानातून भरून घेतलेल्या कॅसेटी लावल्या की आवाज दबका येतो, 'स' आणि 'श' बोथट, झांज मेलेली. कॅसेट खराब झाली असं वाटतं. बऱ्याचदा ती बरी असते, फक्त त्या दुकानदाराच्या डेकचं हेड किंचित तिरकं होतं आणि तुमचं नाहीये. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, काही डेकना तो दिसायला समोर भोकही ठेवलेलं असतं. गाणं चालू असताना तो अगदी केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा, आणि एका जागी एकदम पडदा बाजूला झाल्यासारखा आवाज उघडतो. पहिल्यांदा झालं तेव्हा मी उठून दार लावून घेतलं, कारण दहावीच्या सुट्टीत भरून घेतलेली कॅसेट चालू होती आणि मला रडायला येत होतं. सुरुवातीची जागा लक्षात ठेवा म्हणजे विकतच्या कॅसेट लावताना परत तिथे आणता येईल.

कॉम्प्युटरवर घेणं त्यामानाने सोपं. डेकच्या लाइन-आउटमधून, नसेल तर हेडफोनच्या भोकातून वायर काढायची. ती थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका, ते बहुतेक वेळा मोनो असतं आणि आवाज फाटतो. लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, स्टिरिओ ठेवा, आणि आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी मोठ्यात मोठ्या जागी सुद्धा उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट ६०० एमबी. फ्लॅक नावाच्या फाइल प्रकारात ठेवलीत तर जवळपास निम्मी जागा लागते आणि आवाज काही जात नाही. हे सगळं आपलं आपल्या घरात ऐकायला हं, यूट्यूबवर चढवायला नाही.

इथे मोह होतो तो गाणी कापून वेगवेगळी करायचा. करू नका, निदान मूळ फाइल तरी अख्खी ठेवा, ए साइडची एक आणि बी साइडची एक. आवाज साफ करायचं बटण पण जपून, सूंऽऽ असा जो आवाज असतो तो काढायला गेलं की गाणाऱ्याचा श्वासही जातो आणि गळा प्लास्टिकचा होतो. कव्हर आणि आतला कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये टाका.

आणि साइड संपली असं वाटलं तरी रेकॉर्डिंग बंद करू नका, डेकचं बटण आपोआप उडून कट्ट वाजेपर्यंत चालू द्या. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून सगळ्या घराला गप्प बसवून भरलेल्या कॅसेटी असतील तर विशेष करून. माझ्या एका कॅसेटच्या शेवटी कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत आणि आजी विचारतेय, झालं का गं तुझं, बोलू का आता.

ज्यांच्याकडे कॅसेटी उरल्याच नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. अल्बमच्या कव्हरचे फोटो डिस्कॉग्ज नावाच्या साइटवर किंवा जुन्या कॅसेट विकणाऱ्यांकडे सापडतात, त्यावरून ए आणि बी साइडचा क्रम बघून दोन वेगळ्या प्लेलिस्ट करा. अॅपवर सीडीचा क्रम असू शकतो, गाणं नंतर परत गायलेलं असू शकतं, म्हणून लांबी मिनिटा-सेकंदाने ताडून बघा. शफल बंद, ऑटोप्ले बंद, एका गाण्यात दुसरं मिसळणारं क्रॉसफेड बंद. ए साइड संपली की उठा, पाणी प्या, मग बी लावा. भरून घेतलेल्या कॅसेटची यादी मात्र कुठल्याच साइटवर नसते, ती डोक्यातूनच काढावी लागते, आणि त्या वेळच्या मैत्रिणीला फोन करा, तिला तुमच्यापेक्षा जास्त आठवत असतं.

एक राहिलं. भरून घेतलेल्या कॅसेटमध्ये साइडचं शेवटचं गाणं कधी कधी अर्धंच असतं, तीस मिनिटं संपली की रीळ संपलं, दुकानदार काय करणार. माझ्याकडे एक असं गाणं आहे, दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीवर तुटतं. ते पुढे आहे हे मला लग्नानंतर, एका रिक्षात कळलं. आता पूर्ण गाणं सहज मिळतंय तर त्या जागी ते जोडून टाक असं नवरा म्हणाला, मी फाइल उघडली पण होती. मग तशीच बंद केली. कट्ट.