पश्चिमेची भिंत सिमेंटने लिंपू नका

सिनेगॉगच्या, म्हणजे आपल्या ज्यू प्रार्थनालयाच्या, डागडुजीसाठी आपली तरुण मंडळी रविवारी घमेली-थापी घेऊन हजर होतात, याचा मला मनापासून आनंद आहे; परंतु त्याच त्या चुका वर्षानुवर्षे पाहिल्यावर लिहिणे भाग पडले.

कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाची बरीच प्रार्थनालये एकोणिसाव्या शतकात स्थापन झाली, उदाहरणार्थ अलिबागचे १८४८ मध्ये आणि ठाण्याचे १८७९ मध्ये. अशा जुन्या वास्तूत जिथे दगड-चुन्याच्या भिंती अजून शाबूत आहेत, तिथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रार्थना येरुशलेमकडे तोंड करून होते आणि ते आपल्या पश्चिमेला असल्याने हेखाल, म्हणजे पवित्र ग्रंथाचे कपाट, पश्चिमेच्या भिंतीशी असतो आणि पावसाचा मारही त्याच बाजूने येतो, म्हणजे जिच्या आधाराने सेफेर तोरा (चर्मपत्राच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेला धर्मग्रंथ) ठेवलेला असतो तीच भिंत सर्वांत आधी ओल धरते.

एके ठिकाणी सणांपूर्वी काम उरकावे म्हणून मंडळींनी या भिंतीचे पोपडे खरवडून त्यावर सिमेंटचा गिलावा केला. भिंत आरशासारखी गुळगुळीत झाली, सर्वांनी कौतुक केले. चुना ओल शोषतो आणि उन्हाळ्यात सोडून देतो. सिमेंटने ती आतच कोंडली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर हेखालाचे दार उघडले तेव्हा कुबट वास आला, मागची सागवानी फळी काळी पडली होती आणि गुंडाळीच्या कडेला हिरवट बुरशीची बारीक रेघ दिसली. सुदैवाने अक्षरे वाचली होती. एक जरी अक्षर गेले असते, तरी सोफेराकडून (धर्मग्रंथ लिहिणाऱ्या लेखनिकाकडून) दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालली नसती. सिमेंट छिन्नीने काढताना त्याला चिकटून जुना चुनाही निघाला, आणि भिंत पुढचा उन्हाळा सरेपर्यंत उघडी ठेवावी लागली.

म्हणून मी आधी कौले आणि पन्हळी पाहतो, मग जोत्याबाहेरची जमीन फरसबंदीने उंच झाली आहे का ते पाहतो, आणि ओल येण्याची वाट बंद झाल्याशिवाय भिंतीला हात लावत नाही. चुना किमान महिनाभर भिजवून ठेवतो आणि पातळ थर देतो. ज्यांना इतकी वाट पाहवत नाही, त्यांनी त्या दिवसांत बाकांना पॉलिश करावे. तेवढ्या काळात सेफेर तोरा सन्मानाने दुसऱ्या कोरड्या जागी हलवावा.

मेझुझा, म्हणजे दाराच्या चौकटीवरची चर्मपत्राची डबी, रंगाखाली गाडू नये. कामापूर्वी उतरवावी आणि आतले चर्मपत्र तपासून घ्यावे. संगमरवरी पाट्यांवरील मराठी-हिब्रू अक्षरांवर आम्ल ओतू नये. कंत्राटदाराशी बोलतानाच शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, काम बंद राहील, असे ठरवून घ्यावे.

कपाटे रिकामी करताना प्रार्थनापुस्तकांची फाटकी पाने राडारोड्यात टाकलेली मी स्वतः उचलली आहेत. देवाचे नाव असलेली पाने फेकायची नसतात, दफनभूमीत पुरायची असतात. मी कामाच्या पहिल्याच सकाळी दाराशी त्यासाठी एक लाकडी पेटी ठेवतो आणि तिची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे देतो.