कॅरॅमल सफरचंदावर टिकत नाही? आधी सफरचंदाकडे बघा

गेल्या ३१ डिसेंबरला सोसायटीतल्या पोरांसाठी मी पहिल्यांदा कॅरॅमल सफरचंदं करायला घेतली. कॅरॅमल फक्कड जमलं. लालभडक, चकाकणारी बारा सफरचंदं त्यात बुडवून ताटात उभी केली आणि हात धुऊन येते तोवर सगळं कॅरॅमल घसरून बुडाशी डबकं झालेलं! वर सफरचंदांची टकलं तशीच चकाकत होती. चूक पाकाची नव्हती, त्या चकाकीची होती.

ती चकाकी म्हणजे मेण. सफरचंदाच्या सालीवर स्वतःचं थोडं मेण असतंच. पण फळ धुताना ते बरंचसं निघून जातं, म्हणून टिकण्यासाठी आणि दिसण्यासाठी वरून पुन्हा मेणाचा नाहीतर शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, पातळ थर देतात. खायला तो चालतो, पण त्यावर पाक धरत नाही. पाण्याचंही तेच. ओल्या सालीवर कितीही घट्ट कॅरॅमल ओता, ते निसटणार. तेव्हा निम्मं काम गॅस पेटवायच्या आधीच होतं.

फळ निवडताना

आंबट आणि करकरीत फळ हवं. अमेरिकेत या कामाला हिरवं ग्रॅनी स्मिथ घेतात, कारण त्याचा आंबटपणा कॅरॅमलच्या गोडाला तोडतो. आपल्याकडेही ते मिळतं, फक्त महाग पडतं. पावसाळा सरता सरता येणारी ताजी किन्नोरी सफरचंदंही मला चालतात; ती गोड असतात, म्हणून कॅरॅमलमध्ये चिमूटभर मीठ जास्त घालते. दाबल्यावर बोट रुतणारं, पिठाळ झालेलं फळ नको, त्यात काडी डुगडुगते. डाग किंवा टोचा पडलेलंही नको. किलोला सहा-सात बसतील एवढी लहान फळं घ्या. मोठं फळ काडीला पेलत नाही आणि लहान मुलांना संपतही नाही.

मेण काढणं

नखाने साल हलकेच खरवडून बघा. नखात पांढरट भुकटी आली की मेण आहे समजा. आधी फळं वाहत्या गार पाण्याखाली चोळून धुवा. मग मोठ्या पातेल्यात दोनेक लिटर पाणी उकळून गॅस बंद करा आणि त्यात मोठा चमचाभर व्हिनेगर घाला. झाऱ्यावर एक-दोन सफरचंदं ठेवून पाण्यात सोडा, मनात सावकाश पाच-सहा आकडे मोजा आणि लगेच काढा. जास्त वेळ राहिली तर साल शिजते, फळ मऊ पडतं.

बाहेर काढल्या काढल्या, मेण गरम असतानाच, जाडसर सुती फडक्याने किंवा जुन्या टर्किश टॉवेलच्या तुकड्याने दाबून पुसा. चकाकी जाऊन साल मंद, धुरकट दिसायला लागते. तशी दिसली की जमलं. नाहीच दिसली तर पुन्हा एकदा बुडवा.

वाळवणं

इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. देठ पिळून काढून टाका, मग फळं फडक्यावर पसरून पंख्याखाली तासभर ठेवा. अंग कोरडं दिसलं तरी देठाच्या आणि खालच्या खळग्यात पाणी दडून बसतं, ते टिश्यूचं टोक पिळून आत घालून टिपा.

बऱ्याच पाककृतींत ‘सफरचंदं फ्रीजमध्ये गार करून घ्या’ असं असतं, कारण गार फळावर कॅरॅमल पटकन घट्ट होतं. पण मुंबई-कोकणच्या दमट हवेत फ्रीजमधून काढलेल्या फळाला दोन मिनिटांत घाम फुटतो आणि सगळी मेहनत पाण्यात. आपल्या हवेत खोलीच्या तापमानाचंच फळ बरं.

काडी

चांगली जाड, स्वच्छ, कोरडी काडी हवी. कबाबच्या बारीक काडीवर सफरचंद गरगर फिरतं. काडी देठाच्या बाजूने सरळ, फळाच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंत घाला. खालून आरपार जाऊ देऊ नका. भोकाभोवती रस येतो, तो टिपून घ्या. काडी घातलेली फळं आदल्या रात्रीपासून ठेवू नका, पाक तयार होत आला की मगच घाला.

यामागे कारण आहे. २०१४च्या शेवटी अमेरिकेत विकत मिळणाऱ्या कॅरॅमल सफरचंदांतून लिस्टेरिया जंतूंची लागण होऊन ३५ जण आजारी पडले. एरवी सफरचंद आंबट आणि कॅरॅमल कोरडं, दोन्हींवर हा जंतू सहजी वाढत नाही. पण काडीच्या भोकातून झिरपलेला रस साल आणि कॅरॅमल यांच्यामध्ये साचतो आणि तिथे, बाहेरच्या उबेत, त्याला फावतं. म्हणून हात, काड्या, फडकी स्वच्छ ठेवा आणि त्याच दिवशी न संपलेली सफरचंदं फ्रीजमध्येच ठेवा.

बुडवताना

ताटात बटर पेपर घालून त्याला तुपाचा हात लावून ठेवा. कॅरॅमल गोळीबंद पाकाइतकं, साधारण ११८ अंशांवर उतरवा आणि उकळ्या पूर्ण बसू द्या. पळीतून जाड धारेने पडायला लागलं की बुडवा. सफरचंद तिरपं धरून एकदाच फिरवा, वर उचला, जादा कॅरॅमल निथळू द्या, बूड पातेल्याच्या काठावर निपटा आणि ताटात ठेवा.

लाल कडक कँडीची करायची असतील तर पाक १५० अंशांपर्यंत न्यावा लागतो. चिक्कीसारखीच परीक्षा: गार पाण्यात थेंब टाकला की काचेसारखा कट्‌कन मोडला पाहिजे. हा पाक अंगावर उडाला तर चिकटून भाजतो, तेव्हा मुलांना ओट्याजवळ येऊ देऊ नका. तीळ, दाण्याचा कूट लावायचं काम त्यांना द्या, तेही कॅरॅमलच्या सफरचंदांवर आणि ती कोमट झाल्यावर.

घरात कवळी असलेलं कोणी असेल तर काडी काढून, सुरीला तूप लावून पातळ फोडी करून द्या. माझ्या सासूबाई तशाच खातात, आणि दुसरी फोड मागून घेतात.