बाळंतिणीचा आहार, अंगावरचे दूध आणि बाळाचा मेंदू

आईच्या दुधातील प्रथिने आणि दुग्धशर्करा यांचे प्रमाण तिच्या ताटात काय वाढले जाते यावर फारसे अवलंबून नसते. मात्र बाळाच्या मेंदूच्या जडणघडणीला लागणारे बी-१२ जीवनसत्त्व, आयोडीन आणि डीएचए हे मेदाम्ल दुधात किती उतरणार, हे बऱ्याच अंशी तिच्या आहारावर आणि शरीरातील साठ्यावर ठरते. म्हणून डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर खुशाल द्यावी, पण आधी या तिहींची तजवीज झाली आहे का ते पाहावे.

सर्वांत जपायचे ते बी-१२. शाकाहारी आईने शक्य तर गरोदरपणातच रक्ततपासणी करून घ्यावी, कारण चहापुरत्या दुधाने ही गरज भागत नाही आणि सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळीत लोह व फॉलिक आम्ल असले तरी बी-१२ नसते, हे पुष्कळ घरांत ठाऊकच नसते. केवळ अंगावर पिणारे बाळ हसेनासे झाले, सावरलेली मान पुन्हा टाकू लागले, बोटांच्या सांध्यांवरची त्वचा काळवंडली, केस विरळ व भुरे झाले किंवा हातपाय थरथरू लागले, तर दृष्ट काढण्यात दिवस न घालवता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे; उपचार लांबल्यास विकासातील उणीव कायमची राहू शकते.

स्तनदा मातेला रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन मिळावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यासाठी स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरावे, ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि सैंधवावर भिस्त ठेवू नये.

डीएचएसाठी बांगडा, तारली उत्तम. मुशीत पारा अधिक साठत असल्याने ती टाळावी. जवसाची चटणी पौष्टिक खरी, परंतु तिच्यातील मेदाम्लाचे शरीरात डीएचए अत्यल्पच बनते, त्यामुळे मासे न खाणाऱ्या आईने शैवालापासून केलेल्या कॅप्सूलबद्दल डॉक्टरांना विचारावे.

वागणुकीबाबत मात्र दुधाकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली जन्मलेल्या सुमारे १७,००० बाळांच्या अभ्यासात, ज्या मातांना स्तनपानासाठी विशेष प्रोत्साहन दिले होते त्यांच्या मुलांचे भाषिक बुद्धिमापनातील गुण साडेसहाव्या वर्षी सरासरी ७.५ ने अधिक आढळले, पण वर्तनात फरक दिसला नाही आणि सोळाव्या वर्षापर्यंत बौद्धिक तफावतही बरीचशी ओसरली. मूल हट्टी निघाले तर त्याचे खापर वरच्या दुधावर फोडण्यात अर्थ नाही.

ड जीवनसत्त्व दुधात मुळातच कमी असते, म्हणून बाळाला रोज ४०० युनिट थेंबांवाटे द्यावे. लोह आईने कितीही खाल्ले तरी दुधात वाढत नाही, त्यामुळे सहा महिने पूर्ण होताच लोहयुक्त वरचे अन्न सुरू करावे.