उन्हाळ्यात घरच्या घरी कृष्णधवल रोल डेव्हलप करताना

फिल्मवर छायाचित्रे काढू पाहणाऱ्याची आज खरी अडचण कॅमेऱ्याची नसून लॅबची आहे. जुना मेकॅनिकल कॅमेरा कुणाच्या तरी कपाटात सापडतो, रोल ऑनलाइन मागवता येतो; पण कृष्णधवल रोल नीट डेव्हलप करून देणाऱ्या लॅब मोजक्याच शहरांत उरल्या आहेत. त्यामुळे हे काम घरी शिकून घेतलेले बरे. रंगीत फिल्म डेव्हलप करण्याची सी-४१ ही प्रक्रिया ३८ अंश सेल्सिअसला काटेकोरपणे करावी लागते, म्हणून सुरुवात कृष्णधवलपासूनच करावी. त्यासाठी स्वतंत्र डार्करूमही लागत नाही. चेंजिंग बॅग (आत हात घालून अंधारात काम करायची प्रकाशबंद पिशवी), फिल्म गुंडाळायचे रीळ असलेला प्रकाशबंद टँक, थर्मामीटर, मोजपात्र, चित्र उमटवणारा डेव्हलपर आणि ते कायम करणारा फिक्सर एवढे पुरेसे असते.

प्रकाश मोजण्यासाठी खिशातला मोबाइल किंवा डिजिटल कॅमेरा खुशाल वापरावा. ज्या सावलीतला तपशील चित्रात हवा आहे तिचे मोजमाप घ्यावे आणि त्यापेक्षा दोन स्टॉप कमी प्रकाश द्यावा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), कारण मीटर प्रत्येक वस्तू मध्यम करडी धरून चालतो. डिजिटलमध्ये जपायचा असतो तो उजळ भाग. निगेटिव्हवर मात्र जी सावली उमटलीच नाही ती पुढे कोणत्याही उपायाने आणता येत नाही.

रोल रिळावर चढवणे पूर्ण अंधारातच करायचे असल्यामुळे एखाद्या वाया गेलेल्या रोलवर आधी उजेडात आणि मग डोळे मिटून सराव करावा. रीळ ओलसर असेल तर फिल्म मध्येच अडकते. चेंजिंग बॅगेत हातांना घाम सुटतो, तोही त्रासदायक ठरतो. म्हणून पंख्याखाली, शक्यतो सकाळी बसावे.

यानंतरचा सगळा खेळ तापमानाचा आहे. उत्पादकांनी दिलेल्या डेव्हलपिंगच्या वेळा साधारणपणे २० अंशांसाठी असतात आणि मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी तिशीच्या पुढे गेलेले असते. डेव्हलपरमध्ये बर्फ टाकला तर द्रावण पातळ होते, म्हणून बाटली बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात ठेवावी. पण २० अंशांचा हट्ट धरू नये, असे माझे मत आहे. तेवढे गार केलेले द्रावण आपल्या हवेत टँक हलवता हलवता पुन्हा तापू लागते. २४ अंश हे तापमान गाठायलाही सोपे आणि टिकवायलाही सोपे. मात्र तेथे वेळ कमी करावी लागते: इल्फर्ड कंपनीची एचपी-५ प्लस ही फिल्म तिच्याच आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, एकास एक पाणी मिसळून, २० अंशांना १३ मिनिटे घेते, तर २४ अंशांना सुमारे ९ मिनिटे. पाणी न मिसळता वापरल्यास साडेसात मिनिटांची वेळ पाच मिनिटांवर येते, आणि त्याहून कमी वेळेत फिल्म सर्वत्र सारखी डेव्हलप होण्याची खात्री उरत नाही. उन्हाळ्यात पातळ द्रावण वापरण्याचे कारण काटकसर नव्हे, हे आहे.

आयडी-११ चाच भाऊ असलेला कोडॅकचा डी-७६ हा डेव्हलपर हवा असल्यास तो घरीही बनवता येतो. एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम लागते. सुमारे ५० अंशांच्या पाऊण लिटर पाण्यात ही रसायने याच क्रमाने विरघळवून नंतर लिटर पुरे करावे. सल्फाइट आधी टाकल्यास मेटॉल नीट विरघळत नाही. मेटॉलची काहींना त्वचेवर ॲलर्जी येते, म्हणून हातमोजे घालावेत. बोअरवेलच्या जड पाण्याऐवजी डिस्टिल्ड पाणी वापरावे.

द्रावण ओतल्यावर पहिली दहा सेकंद टँक चार वेळा उलटासुलटा करावा, पुढे प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला तेवढेच करावे, आणि दरवेळी टँक ओट्यावर हलकेच आपटून बुडबुडे सोडवावेत. मग स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारे द्रावण) किंवा साधे पाणी, आणि त्यानंतर फिक्सर. फिक्सरची वेळ ठरवायला रोलच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा त्यात टाकून पाहावा. तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिल्मला द्यावा. डेव्हलपरपासून शेवटच्या धुण्यापर्यंत प्रत्येक पाण्याचे तापमान जवळपास सारखेच असावे. गार डेव्हलपरनंतर नळाचे गरम पाणी ओतले, तर फिल्मवर चित्र धरून ठेवणाऱ्या, फुगलेल्या जिलेटिनच्या थराला सुरकुत्या पडू शकतात. धुण्यासाठी तासभर नळ सोडून ठेवण्याची गरज नाही: पाणी भरून टँक पाच वेळा, ते बदलून दहा वेळा आणि पुन्हा बदलून वीस वेळा उलटावा. ही इल्फर्डने सुचवलेली पद्धत आपल्या पाणीटंचाईलाही मानवणारी आहे.

फिल्म पंख्याखाली मुळीच वाळत घालू नये, ओल्या थरावर धूळ कायमची चिकटते. बंद न्हाणीघरात खाली चिमटा लावून ती टांगावी. वाळल्यावर सहा-सहा फ्रेमचे तुकडे करून, मागून समान प्रकाश देणाऱ्या पॅनेलवर ठेवून, मॅक्रो लेन्स लावलेल्या डिजिटल कॅमेऱ्याने त्यांचे फोटो घ्यावेत; स्कॅनरवाचून काम भागते. निगेटिव्ह कागदी किंवा प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घालून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावीत, विशेषतः कोकणात, जिथे पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी चढायला वेळ लागत नाही.